तिसऱ्या रांगेतली जागा

माईंच्या हाताखालून गेलेल्या फोटोत कुणाचे डोळे मिटलेले नसत, कुणी जांभई देत नसे, आणि रांगेत फट तर औषधालाही सापडत नसे. पन्नास वर्षं त्यांनी हे व्रत सांभाळलं. संगणक येण्यापूर्वी ही सगळी किमया हातांनी करावी लागे. समूहाचे फोटो नेहमी दोन काढायचे, शाळेचे असतील तर एक सकाळी आणि एक दुपारी, त्यांतला बरा निवडायचा, आणि बऱ्या फोटोतही ज्यांची तोंडं बिघडली असतील त्यांची तोंडं दुसऱ्यातून उचलून त्यात बसवायची. कापलेल्या कागदाची कड पात्याने तासून कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ करायची, चिकटवायची, बारीक ब्रशने सांध्यावरून रंगाचा हलका हात फिरवायचा आणि मग त्या सबंध जुळणीचाच पुन्हा फोटो काढायचा. अशी जी नवी निगेटिव्ह तयार होई, तिच्यात जोड कुठे आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. "निम्म्या शहराची मुंडकी हिने छाटली आहेत, आणि अजून एकाचीही तक्रार नाही," असं त्यांचे यजमान गिऱ्हाइकांना सांगत, त्यावर पडद्याआडून माईंची दुरुस्ती येई, "छाटली नाहीत. बसवली."

यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. स्टुडिओ आता पन्नाशीला टेकलेला मुलगा चालवत होता, म्हणजे निदान पाटीवर तरी तसं होतं. एकोणऐंशीच्या माई रोज दहाच्या ठोक्याला मागच्या खोलीतल्या ताठ पाठीच्या खुर्चीत येऊन बसत. पुढे दुकानात कुणाचा आवाज चढला, की आतून त्यांचा नुसता खाकरा ऐकू येई आणि पुढचं सगळं आपोआप ताळ्यावर येई.

अशाच एका सकाळी मुलगा दारात येऊन म्हणाला, "माई, पोलीस आलेत."

"मग बसायला खुर्ची दे. पोलीस आले म्हणून उभं ठेवायचं असं कुठे आहे?"

आलेली इन्स्पेक्टर पस्तिशीची होती. साध्या कपड्यांत, खांद्याला कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर चार रात्रींचं जागरण. तिने बसता बसताच सांगितलं, "मला बत्तीस वर्षांपूर्वीची एक निगेटिव्ह हवी आहे. तुम्ही म्हणाल, इतकी जुनी आता कुठून सापडायची."

"मी असलं काही म्हणणार नाही," माई म्हणाल्या. "शाळा, वर्ग आणि महिना सांगा."

इन्स्पेक्टरने पिशवीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. शाळेच्या पायऱ्यांवर दुसरीच्या वर्गातली एकेचाळीस मुलं, मधोमध वर्गशिक्षिका. तिसऱ्या रांगेत दोन मुलांच्या मधून डोकावणाऱ्या एका हसऱ्या चेहऱ्याभोवती लाल शाईचं वर्तुळ होतं.

वर्तुळातली मुलगी कोण हे शहरात कुणाला सांगावं लागत नसे. घरात तिला ठकू म्हणत. सात वर्षांची ठकू फोटोच्या दिवशी शाळेत गेली ती घरी आलीच नाही. आणि आता, तीन आठवड्यांपूर्वी, रंगाच्या एका पडीक गोदामाची फरशी उखडताना मजुरांना तिच्या अस्थी सापडल्या होत्या. तपासण्या झाल्या होत्या. शंकेला जागा नव्हती. त्या काळी गोदामाची किल्ली एकाच माणसाकडे असे, तिथल्या मुकादमाकडे. तो ठकूच्या घराच्या भिंतीला भिंत लावून राहत होता आणि ठकू त्याला काका म्हणत असे.

"मग धरा की त्याला," माई म्हणाल्या.

"धरलाय. पण सोडावा लागेल." इन्स्पेक्टरने कपाळ चोळलं. "शाळेचा पहारेकरी पहिल्या दिवसापासून सांगतोय की मधल्या सुट्टीत, साडेबाराला, मुकादम आला आणि मुलीला स्कूटरवर बसवून घेऊन गेला. पण हा फोटो दुपारी अडीचचा आहे. तुमच्या यजमानांनी तसा जबाब दिलेला आहे. फोटोच्या गडबडीत त्या दुपारी हजेरी घेतलीच नव्हती, तेव्हा हा फोटो हीच हजेरी धरली गेली. अडीच वाजता मुलगी पायऱ्यांवर हसत उभी आहे. आणि त्याच रंगकंपनीच्या, तासाभराच्या अंतरावरच्या दुसऱ्या डेपोत तीन वाजता मुकादमाची सही आहे. तिथून तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हललेला नाही. म्हणजे मुलगी अडीचनंतर कुणी नेली असेल ती असो, याने नाही."

"आणि पहारेकरी?"

"तो खोटारडा ठरला. खोटं का बोलतो, तर यानेच काही केलं असणार, असं झालं. आठ महिने आत होता. पुरावा नाही म्हणून सुटला, पण नोकरी गेली, बायको माहेरी गेली ती आलीच नाही. अजून त्याच खोलीत राहतो. दारावर कुणी ना कुणी काही ना काही लिहून ठेवतंच." तिने पिशवीतल्या कागदांवर हात ठेवला. "चार वेळा जबाब झालाय त्याचा, बत्तीस वर्षांत. मी चारही शेजारी शेजारी ठेवून वाचले. शब्द न् शब्द तोच. खोटं बोलणारा माणूस दर खेपेला थोडी तरी डागडुजी करतो हो, माई. म्हणून म्हटलं, निदान मूळ निगेटिव्ह तरी डोळ्यांखालून घालावी."

"बिचारा वेळ चुकला असेल," माई म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी सांगितलेली वेळ चुकायची नाही. दुसऱ्या कुणाचं मी सांगत नाही, पण आमचा फोटो खोटं बोलत नाही."

एवढं बोलून त्या उठल्या आणि निगेटिव्हच्या खोलीत गेल्या.

तिथे भिंतभर कपाटं होती. वर्षावार, महिनावार, शाळांचा वेगळा खण. माईंना पाकीट मिळायला चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मात्र पाकीट हातात घेताच त्यांच्या बोटांना वजन जाणवलं. आत दोन नव्हे, तीन निगेटिव्ह होत्या. आणि तिसरीच्या वेष्टनावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'तयार'.

तिसरी निगेटिव्ह म्हणजे जुळणी.

त्यांनी दिव्याची पेटी लावली आणि तिन्ही काचेवर मांडल्या. निगेटिव्ह वाचायला माईंना छपाई लागत नसे. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं त्यांचे डोळे आपसूक करत. पहिली सकाळी अकराची होती. वर्गशिक्षिकेचे डोळे मिटलेले, पुढच्या रांगेतली तीन-चार मुलं हललेली, आणि तिसऱ्या रांगेत ठकू तोंडभर हसत होती. दुसरी अडीचची. शिक्षिका उत्तम, मुलं उत्तम. आणि तिसऱ्या रांगेत, दोन मुलांच्या मध्ये, एका चेहऱ्याच्या रुंदीची फट. फटीतून मागच्या भिंतीचा गिलावा दिसत होता.

तिसरीत ती फट भरलेली होती.

माई बराच वेळ त्या काचेवर ओणव्या उभ्या राहिल्या. चेहरा त्यांना आठवत नव्हता. महिन्याला चाळीस-पन्नास चेहरे त्या उचलत आणि ठेवत, कोण कुणाला लक्षात ठेवतो? त्यांना आठवली ती फक्त स्वतःची चिडचिड. दुसऱ्या दिवशी सकाळी, आजारी आईकडे जायची गाडी गाठायची घाई असताना, सगळा फोटो दृष्ट लागण्यासारखा आला होता आणि मध्येच ही फट. एखादं पोर बुटाची नाडी बांधायला वाकलं असणार, असं त्या मनात म्हणाल्या होत्या. सकाळच्या निगेटिव्हमध्ये त्या जागी जे पोर होतं ते उचललं, बसवलं, वेष्टनावर 'तयार' लिहिलं आणि निघून गेल्या. यजमानांना सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. घेतलेल्या प्रत्येक टाक्याची दवंडी कोण पिटतं? मुलगी हरवल्याची बातमी तेव्हा तिच्या गल्लीबाहेर पडायची होती. सहा आठवड्यांनी त्या परतल्या तोवर, मुलगी शाळा सुटल्यावर नाहीशी झाली हे शेंबडं पोरही सांगत होतं, आणि माईही तेच धरून चालल्या. ते कशाच्या जोरावर ठरलं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

यजमान खोटं बोलले नव्हते. त्यांनी पोलिसांना दुसऱ्या फोटोची वेळ सांगितली होती. त्यात बायकोने चेहरा भरला आहे हे त्यांनाही ओळखू आलं नव्हतं, इतकं ते काम बेमालूम होतं.

"सापडली का, माई?" बाहेरून इन्स्पेक्टरने विचारलं.

माईंनी पेटी विझवली. "शोधावी लागेल," त्या म्हणाल्या. "उद्या दहाला या."

माईंच्या कपाटात काही शोधावं लागतं, हे ऐकून मुलाने मान वर केली.

इन्स्पेक्टर गेल्यावर तो आत आला. तोही याच खोलीत लहानाचा मोठा झाला होता; काचेवरच्या तीन निगेटिव्ह पाहून त्याला फार सांगावं लागलं नाही. तो खुर्ची ओढून बसला.

"तिसरी दे," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"फोटोची निगेटिव्ह मागितलीये ना? फोटो तिसरीवरून छापलाय. तिसरी दे. त्यात खोटं काही नाही. बाकीच्या दोन कुणी मागितलेल्याच नाहीत."

"चिरंजीव," माई म्हणाल्या, आणि त्या चिरंजीव म्हणाल्या की समोरच्याने सावरून बसायचं असतं हे त्याला ठाऊक होतं, "हे तुम्ही डोक्याने बोलताय की दुकानाने?"

"दोन्हीने. उद्या हे पेपरात येईल. परवापासून जो तो फोटो घेऊन दारात उभा राहील, माझ्या बापाच्या धडावर कुणाचं डोकं आहे म्हणून विचारायला. बाबांचं नाव जाईल. तुझं जाईल. या वयात कोर्टात उभं करतील तुला, आणि तो वकील तुला सोलून काढेल."

"माझी साल जाड आहे. आणि तो पहारेकरी?"

"वाईट झालं त्याचं, मी नाही म्हणत नाही. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे तो, माई. आता त्याला काय फरक पडणार?"

"मी एकोणऐंशीची आहे," माई म्हणाल्या. "मला पडतो."

तेवढ्यात जेवायला बोलवायला आलेली सूनबाई दारात थांबली होती. सासूच्या शब्दापुढे जाण्याची तिला सवय नव्हती, आणि नवऱ्याच्या शब्दापुढे जायची संधी ती सोडत नसे. ती म्हणाली, "यांचं काय घेऊन बसलात, माई. आमच्या लग्नाच्या फोटोत यांच्या मामांचं डोकं तुम्ही बसवलंय, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. मामा त्या दिवशी आलेच नव्हते."

"ते तुला जोडावरून नाही कळलं," माई ठसक्यात म्हणाल्या. "मामांवरून कळलं."

दुसऱ्या दिवशी दहाला इन्स्पेक्टर आली तेव्हा तिन्ही निगेटिव्ह टेबलावर होत्या आणि त्यांच्या शेजारी माई सरळ बसल्या होत्या. त्यांनी पहिल्या वाक्यात चूक सांगितली, दुसऱ्यात ती कुणाची हे सांगितलं, आणि मग सगळं सविस्तर. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदाराने 'अनवधानाने बदल झाला' असं लिहिलं, तेव्हा माईंनी तो कागद मागून घेतला.

"अनवधानाने काही झालेलं नाही. पूर्ण लक्ष देऊन केलं होतं. 'मी मुलीचा चेहरा स्वतःच्या हाताने बसवला' असं लिहा. आणि अक्षर जरा मोठं काढा, न्यायाधीशही चष्मेवाले असतात."

हवालदाराने मुकाट्याने लिहिलं. इन्स्पेक्टर मात्र सुस्कारा टाकून म्हणाली, "माई, मला पटलं. पण वकील म्हणेल, फट असलेली ही निगेटिव्हच आत्ता बनवलेली आहे. पहारेकऱ्याची दया आली, म्हाताऱ्या बाईने दुपारभर बसून मुलगी पुसून टाकली. तुम्ही बसवू शकता तशी पुसूही शकता, नाही का?"

"शकते," माईंनी कबूल केलं.

"मग फोटोत जोड आहे हे दाखवता येईल?"

"माझा हात मला नाही दिसणार तर कुणाला दिसणार?"

तीन दिवस माई भिंग घेऊन त्या चेहऱ्याच्या कडा धुंडाळत राहिल्या. कानाजवळ नाही, हनुवटीखाली नाही, केसांच्या रेषेत नाही. मुलाने तो चेहरा संगणकावर भिंतीएवढा करून दिला. तिथेही काही हाती लागेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंग खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मेला काय हात होता माझा," आणि त्या वाक्यात आयुष्यात पहिल्यांदा अभिमानाचा लवलेश नव्हता. आपल्याच कसबाने आपलीच वाट अडवावी, याची त्यांना शरम वाटली. चौथ्या दिवशी त्यांनी इन्स्पेक्टरला फोन केला. जोड दाखवण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मुलीच्या आईची गाठ घालून द्या. तिला हे माझ्या तोंडून कळलं पाहिजे, पेपरातून नव्हे."

ठकूची आई चौसष्ट वर्षांची होती. उभं आयुष्य तिने वाचनालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं शिवण्यात घालवलं होतं, आणि बोटांच्या पेरांवर सुईचे घट्टे होते. ती स्वतःच स्टुडिओत आली. घरी कुणी आलेलं तिला आवडत नसे. माई बोलत होत्या तोवर ती टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होती, जणू पुस्तकाचा पुठ्ठा कुठे सुटलाय ते पाहत होती.

"मुकादम दर वर्षी त्या तारखेला यायचा," सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली. "चहा घ्यायचा. वहिनी, धीर धरा म्हणायचा. आणि पहारेकरी रस्त्यात दिसला की मी थुंकायची." माईंनी समजुतीचा एक शब्द काढला नाही. समजूत घालण्याचा अधिकार आपल्याला नाही हे त्यांना कळत होतं.

मग तिने टेबलावरचा फोटो स्वतःकडे ओढला. "म्हणजे मी वेडी नव्हते," ती म्हणाली.

"म्हणजे?" इन्स्पेक्टर पुढे झुकली.

"तेव्हाच सांगितलं होतं मी पोलिसांना. हा फोटो मला माझ्या लेकीसारखा वाटत नाही म्हणून. भांग बघा, या बाजूला आहे. मी तिचा या बाजूला कधी पाडलाच नाही. तर म्हणाले, बाई, पोरं खेळताना केस विस्कटतात, पुन्हा बांधून घेतले असतील. मग मी म्हटलं, दात बघा. दोन दिवस आधी तिचा दात पडला होता, वरचा, डावीकडचा. यात उजवीकडचा पडलाय. तर हसले. बाई, समोरच्याचं डावं आपल्या उजवीकडे दिसतं, घरी जाऊन आरशात बघा, म्हणाले. मी घरी जाऊन आरशात बघितलं. इतकं बघितलं की माझं मलाच डावं-उजवं कळेना. मग सोडून दिलं."

माईंनी फोटो जवळ घेतला नाही, भिंगही उचललं नाही. त्यांनी डोळे मिटले, आणि बत्तीस वर्षांपूर्वीची ती घाईची सकाळ त्यांच्या हातांना आठवली.

"ऊन," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सकाळी पायऱ्यांवर ऊन एका बाजूने येतं, दुपारी दुसऱ्या. सकाळचा चेहरा दुपारच्या फोटोत जसाच्या तसा ठेवला असता, तर तिच्या एकटीच्याच नाकाची सावली उलट्या अंगाला पडली असती. शिकाऊ माणसाच्याही डोळ्यात भरली असती." त्यांनी डोळे उघडले आणि थेट त्या आईकडे पाहिलं. "म्हणून मी निगेटिव्ह पालथी ठेवून तिचा चेहरा छापला. आरशात दिसतो तसा. सावली जुळली, पण तिचं डावं उजवीकडे गेलं. तुम्ही बरोबर होता. इतक्या लोकांत तुम्ही एकट्या बरोबर होता."

ठकूच्या आईने तोंडावर पदर नाही, हात धरला, आणि ती रडली. पण ते रडणं नेहमीचं नव्हतं, हे इन्स्पेक्टरलाही समजलं.

पुढचं काम सोपं होतं, कारण भांग पुन्हा पाडता येतो, पण पडलेला दात जागा बदलत नाही. अस्थी तपासणाऱ्या डॉक्टरांनी जबड्याचा कागद काढून दिला : वरच्या ओळीत, डावीकडे, दुधाचा एक दात पडलेला आणि नवा नुकताच डोकावू लागलेला. पहिल्या निगेटिव्हमध्ये, सकाळी अकरा वाजता, ठकूचा डावीकडचाच दात पडलेला होता. फोटोत मात्र उजवीकडचा. अडीच वाजता पायऱ्यांवर उभी असलेली मुलगी ठकू नव्हती; ते ठकूचं सकाळचं प्रतिबिंब होतं.

कोर्टात मुकादमाचा वकील माईंवर तुटून पडणार हे मुलाचं भाकीत अगदी खरं ठरलं.

"आजी, आपलं वय काय?"

"तुमच्या कागदावर लिहिलेलं आहे. वाचायला जड जात असेल तर सांगते."

"आपल्याला निगेटिव्हमधलं स्पष्ट दिसतं का?"

"तुमच्या कॉलरची डाव्या टोकाकडची शिवण उसवली आहे, ती दिसते."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. वकिलाने हात कॉलरकडे नेला आणि अर्ध्यावरून खाली घेतला. मग आवाज चढवून तो म्हणाला, "थोडक्यात सांगायचं तर आपण पन्नास वर्षं लोकांना खोटे फोटो देऊन फसवत होतात. बरोबर?"

मुलाने खाली बघितलं. हा प्रश्न माईंनी स्वतःला याहून कठोर शब्दांत आधीच विचारून घेतला होता.

"लोक ज्यासाठी येत तेच मी त्यांना देत होते," त्या म्हणाल्या. "रांग भरलेली हवी, म्हणून भरली. पण त्या दिवशी एक मूल रांगेत नव्हतं, आणि ते कुठे आहे हे विचारण्याऐवजी मी जागा बुजवली. त्याला फसवणं म्हणतात. तसंच लिहून घ्या."

न्यायाधीशांनी लेखनिकाकडे पाहिलं आणि तो लिहू लागला.

त्यानंतर पहारेकऱ्याला बोलावलं गेलं. पाठीला बाक आलेला, धुऊन धुऊन विटलेला पण कडक इस्त्रीचा सदरा घातलेला तो म्हातारा उभा राहिला आणि पाचव्यांदा तेच बोलला : मधली सुट्टी झाली, साडेबारा वाजले होते, मुकादम निळ्या स्कूटरवर आला, मुलीच्या आईला बरं नाही म्हणाला, मुलगी त्याला ओळखत होती, मी फाटक उघडलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. फरक एवढाच, की या खेपेला त्याला मध्ये कुणी थांबवलं नाही. बोलून झाल्यावरही तो तसाच उभा राहिला. आता कुणीतरी ओरडेल याची जणू वाट पाहत होता. न्यायाधीश त्याला म्हणाले, "झालं. बसा तुम्ही." तरीही त्याला ते दोनदा सांगावं लागलं.

निकाल लागायला आणखी सात महिने गेले. मुकादमाने शेवटी काय काय कबूल केलं ते इथे सांगण्याचं कारण नाही. ज्यांना ऐकणं भाग होतं त्यांनी ते ऐकलं, तेवढं पुरे. त्याला जन्मठेप झाली. आणि निकालपत्रात एक स्वतंत्र परिच्छेद होता, की पहारेकऱ्याने पहिल्या दिवसापासून सत्यच सांगितलं, आणि त्याच्यावर संशय घेण्यास कोणतंही कारण नव्हतं.

निकालानंतर गर्दी पांगली. कोर्टाच्या लांबलचक वऱ्हांड्यात पहारेकरी एका बाकावर बसला होता. निकालपत्राची प्रत त्याच्या मांडीवर होती आणि तो ती वाचत नव्हता, नुसता हात ठेवून होता. माई मुलाच्या आधाराने त्याच्याकडे निघाल्या. काय बोलायचं ते त्यांनी शब्दाशब्दाने ठरवून ठेवलं होतं. पण ठकूची आई त्यांच्या आधी तिथे पोहोचली, आणि माई चार पावलं अलीकडेच थांबल्या.

ती त्याच्या समोर उभी राहिली. "मी तुमच्यावर थुंकले होते," ती म्हणाली. "एकदा नाही, पुष्कळदा."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी तिथेच होतो."

तो बाकावर थोडा सरकला, आणि ती बसली.

"तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं," तो म्हणाला. "कोर्टात कुणी विचारलं नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. ती मला सलाम करायची."

"कोण?"

"तुमची मुलगी. रोज. आत येताना एक, बाहेर जाताना एक. अगदी टाच आपटून, पलटणीतल्यासारखा. मी केला नाही तर पुढे हलायची नाही, मागे पोरांची रांग लागायची. त्या दिवशीही स्कूटरवरून जाताना मागे वळून केला. हसत होती. घाबरलेली नव्हती हो, आई बरी नाही म्हणून तोंड बारीक केलं होतं थोडं, पण सलाम केल्यावर हसली. मीही केला."

ठकूची आई त्याच्याकडे बघत राहिली. आपल्या मुलीविषयी जे जे होतं ते सगळं आपल्याला तोंडपाठ झालं आहे, त्यात आता कधी काही भर पडणार नाही, असं धरून ती बत्तीस वर्षं जगली होती.

"सलाम करायची," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं. घरी कधी बोलली नाही."

"तुम्हाला सांगणार होतो मी. पण ती बाहेर गेलीच नाही असं सगळे म्हणत होते, तर सलामाचं कोण ऐकून घेणार?"

"आणखी काय करायची?"

"पुष्कळ. पावसात फाटकाला लोंबकळायची. मी ओरडलो की म्हणायची, मी नाही, फाटकच हलतंय."

ती हसली. चौसष्ट वर्षांची ती बाई कोर्टाच्या बाकावर मोठ्याने हसली, आणि मग गुडघे आवळून त्याच्याकडे पुरती वळून बसली. "सांगा," ती म्हणाली. "सगळं सांगा. पहिल्या दिवसापासून."

किल्ल्यांचा जुडगा वाजवत शिपाई वऱ्हांडा बंद करायला आला. माई त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"आज तुम्हाला थोडं थांबावं लागेल," त्यांनी त्याला सांगितलं, आणि मुलाला चहा आणायला पाठवलं. स्वतःसाठी नव्हे, त्या दोघांसाठी.